डोक्यावरची चार बोटं

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल बाहेरचे लोक कळवळून बोलायला लागले की मला राग येतो. "कसं राहता हो तुम्ही तिथे?" असं विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर जो दयाळू भाव असतो, तो मी आयुष्यभर दुसऱ्याच एका कारणासाठी पाहत आले आहे, म्हणूनही असेल. राहतो म्हणजे राहतो. दुपट्टा डोक्याला गुंडाळतो, लू लागू नये म्हणून पर्समध्ये कांदा टाकतो आणि कामाला निघतो. कांद्यानं लू टळते का, हे डॉक्टरांना विचारू नका. इतकी वर्षं सरकारी दवाखान्यात काढूनही मी कधी विचारलं नाही, आणि कांदाही कधी चुकवला नाही.

यंदाही वैशाख तापला. काल सकाळी कूलरच्या जुन्या ताट्या काढल्या, नवा वाळा भरला, पंप सुरू केला. पहिलं पाणी वाळ्यावर पडलं आणि तो वास आला. ओल्या मुळांचा, मातीचा, लहानपणच्या दुपारच्या झोपेचा. माझा कूलर लहान आहे, खिडकीच्या मापाचा, आणि खिडकी बसची आहे. मी एका जुन्या बसमध्ये राहते. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्याकडे नीट पाहतात आणि मग विचारतात, "कुठे जाते ही बस?" मी सांगते, "मी नेईन तिथे." बहुतेकांची चौकशी तिथेच संपते.

ज्या उन्हाळ्यात मी बस शोधत फिरले, तो असाच होता. मी नुकतीच निवृत्त झाले होते. एक्स-रे टेक्निशियन होते मी. सगळी नोकरी एका अशा खोलीत गेली जिला खिडकी नव्हती आणि जिचं दार जाड होतं. किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून भिंतीही जाड. बाहेर ऊन आहे की आभाळ भरून आलं आहे, हे मला रोग्यांच्या कपड्यांवरून कळायचं. दिवसभर मी एकच मंत्र म्हणायची. "सरळ उभे राहा. हनुवटी वर. श्वास घ्या. रोखा." माणसं निमूट सरळ उभी राहायची. श्रीमंत, गरीब, दारुडे, साहेब, सगळी. त्या मशीनपुढे कुणालाही वाकून चालत नाही, ही मला त्या नोकरीतली सगळ्यात आवडती गोष्ट होती.

निवृत्तीबरोबर सरकारी क्वार्टर गेलं. लग्न झालं नव्हतं, त्यामुळे सासर नव्हतं. माहेर होतं, जरीपटक्याच्या अलीकडे, धाकट्या भावाचं घर. आईही तिथेच. प्रमोद चांगला माणूस आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तो दोन-तीनदा माझ्याशी भांडणार आहे. माझ्यासाठी त्यानं गच्चीवर खोली बांधून घेतली होती. स्वतः रंग निवडला, फिका निळा. पंखा लावला. मला हात धरून वर नेलं आणि दारात थांबून म्हणाला, "ताई, थोडी वाकून ये, बस."

चौकट ठेंगणी झाली होती. मिस्त्रीनं गच्चीवरच्या खोल्यांना बसवतात तशी आखूड मापाची बसवली होती आणि आखूड मापात मी बसत नाही. माझी उंची पावणेसहा फुटांपेक्षा बोटभर जास्त आहे. प्रमोद माझ्या खांद्याला लागतो.

आता ही उंची कुठून आली ते सांगायला हवं. ती माझ्या आजोबांची. छप्पन सालच्या दीक्षेला आजोबा सावनेरकडच्या खेड्यातून पायी नागपूरला आले, धुतलेले पांढरे कपडे घालून त्या अफाट गर्दीत उभे राहिले आणि बुद्धाला शरण जाऊन पायीच परत गेले. "जातानी होतो त्याच्यापरीस वीतभर उंच होऊन आलो," असं ते सांगत. त्याआधी गावातल्या काही दारांवरून जाताना ते मान खाली घालत. त्यानंतर घातली नाही. मी लहान होते तेव्हा ते मला खांद्यावर घेत आणि मी छपराला हात लावायची. मग मी वाढत गेले. आजोबांना फार कौतुक होतं. ते होते तोवर माझं उंच असणं ही घरातली आनंदाची गोष्ट होती.

ते गेले आणि मी लग्नाची झाले.

उन्हाळा म्हणजे लग्नसराई, आणि लग्नसराई म्हणजे पाहण्याचे कार्यक्रम. बाहेर रस्ता वितळत असे आणि आत बैठकीत पाहुणे पन्हं पीत. आईनं कैरी उकडून, गूळ घालून केलेलं ते पन्हं अजून कुणाच्या हाताला जमलेलं नाही. मी ट्रे घेऊन यायची. पाहुण्यांची नजर माझ्या चेहऱ्यापाशी न थांबता वर-वर सरकायची आणि कुणीतरी हमखास म्हणायचं, "जरा मुलाच्या बाजूला उभी राहतेस का, बाई?" दोन-तीनदा असं झालं. मग एके दिवशी आईनं मला आत बोलावलं, माझ्या साडीच्या निऱ्या पुन्हा नीट केल्या, जरा सैल सोडल्या आणि हलकेच म्हणाली, "गुडघ्यात वाक जराशी. साडीत दिसत नाई."

खरंच दिसत नाही. करून पाहा. निऱ्या सैल असल्या की माणूस आतून किती वाकलेला आहे हे कुणाला कळत नाही. चेहरा ताठ ठेवता येतो, हसताही येतं. समोरच्या भिंतीवर कोनाड्यात बुद्धाची मूर्ती पाठ ताठ करून बसलेली, आणि तिच्यापुढे मी, दीक्षा घेऊन वीतभर उंच झालेल्या माणसाची नात, साडीच्या आत गुडघ्यात वाकून उभी. मांड्या थरथरायच्या. पाहुणे निवांतपणे विचारायचे, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. किती उन्हाळे असं चाललं, ते मी मोजलं नाही. मोजून काय करायचं होतं? कळायचंच शेवटी. माणूस किती वेळ वाकून उभा राहील?

आईवर मी तेव्हा रागावले नव्हते. राग फार उशिरा आला, चाळिशीनंतर, एकदा कपडे वाळत घालताना अचानक. तोपर्यंत तिचे केस पांढरे झाले होते आणि भांडायला समोर जी बाई होती ती माझ्या काखेखाली मावत होती. मी एकदा दुपारी दवाखान्यात गर्दी नसताना माझ्याच गुडघ्यांचा एक्स-रे काढला. सारखे दुखायचे. त्यात काही दिसलं नाही.

तर प्रमोदच्या त्या ठेंगण्या दारातून मी वाकून आत गेले, पंख्याचं कौतुक केलं, वाकून बाहेर आले आणि ठरवलं की इथे कायमचं राहायचं नाही. भावजयीला वाटलं, मला रंग आवडला नाही.

बसचं खूळ डोक्यात आलं ते सीताबर्डीत. व्हरायटी चौकात मी रस्ता ओलांडायला उभी होते. क्रेन एका जुन्या बसला ओढून नेत होती. आतल्या सीटा काढलेल्या, काचा नाहीत, दोन्ही बाजूंच्या खिडक्या रिकाम्या. त्या खिडक्यांतून पलीकडचं सगळं आरपार दिसत होतं. दुकानं, मेट्रोचे खांब, आभाळाचा तुकडा. ऑटोवाले हॉर्न वाजवून बोंबलत होते आणि ती बस शांतपणे आपल्या पोटातून सगळा चौक दाखवत चालली होती. मी जन्मभर बिनखिडकीच्या खोलीत काम केलेली बाई. मला वाटलं, हे घर आहे. फ्लॅट घे म्हणून सगळ्यांनी सुचवलं होतं, पण फ्लॅट जिथे असतो तिथेच असतो.

घरी सांगितलं तेव्हा प्रमोद हसला. मग मी हसत नाही हे पाहून त्याचं हसणं थांबलं.

जुन्या गाड्यांचे दलाल बंडूभाऊ यांच्याकडे मला कुणीतरी पाठवलं. बंडूभाऊ एकेकाळी बस चालवत, आता विकतात. तोंडात तंबाखूचा खर्रा, डोक्याला ओला गमछा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "ताई, साहेब नाई आले?"

"साहेब नाहीत," मी म्हटलं. "मीच आहे."

"तुमीच चालवानार?"

"मीच."

त्यांनी खर्रा थुंकला आणि गमछा झटकला. "चाला मंग."

आणि सुरू झाला पाहण्याचा कार्यक्रम. फरक एवढाच की या वेळी ट्रे दुसऱ्याच्या हातात होता. मला कुणी पाहत नव्हतं, मी पाहत होते. मोठ्या मजेत होते मी त्या उन्हाळ्यात! सकाळी ऊन चढायच्या आत निघायचं आणि तरी ऊन गाठायचंच. भंगाराच्या आवारांत पत्र्यांचा असा ताव लागायचा की बांगडी हाताला चटका द्यायची. बंडूभाऊ एकेका बसची ओळख करून द्यायचे आणि त्यांची भाषा ऐकून मला जुने मध्यस्थ आठवायचे. "एकाच मालकाच्या घरची आहे, ताई. पावसात उभी नाई केली कधी." "हिचं वय नका पाहू, हिचा स्वभाव पाहा." "इंजिन बोलून राह्यलं, ऐका." मी ऐकायची. मग खाली वाकून पत्रा पाहायची. त्या वाकण्याचं मला काही वाटत नव्हतं. ते कामाचं वाकणं होतं. तळाचा सांगाडा गंजलाय का, कमानीचे पाटे बसलेत का, हे सगळं मी हळूहळू शिकले. टॉर्च मारून सांगाडा बघणं मला काही नवीन नव्हतं.

सांगाडा वाकलाय का हे बघायची माझी स्वतःची एक पद्धत होती. पर्समधला कांदा काढायचा, बसच्या मधल्या वाटेवर ठेवायचा आणि सोडायचा. सरळ गेला तर बस सरळ. पहिल्यांदा केलं तेव्हा कांदा दोन सीटांमधून गिरक्या घेत डावीकडे गेला आणि चाकाच्या उंचवट्याला जाऊन धडकला. मी गंभीरपणे म्हटलं, "डावीकडे कललीय."

बंडूभाऊंनी कांदा उचलला, डोळ्यांपुढे धरून फिरवला. "ताई, कांदाच वाकडा आहे तं बस काय करन?"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तरी मी कांदा सोडायचं सोडलं नाही. पुढच्या बसपासून बंडूभाऊ स्वतःच विचारू लागले, "कांदा आणला ना?"

एक बस शाळेची होती, तिच्या सीटांच्या पाठी फार जवळजवळ होत्या. एक होती मोठ्या नाकाची, जुन्या चित्रातल्यासारखी, गोल दिव्यांची. तिच्यावर माझा जीव जडला होता, पण तिचा सांगाडा मधोमध तडकलेला निघाला. आणि मग आली ती. तिच्याबद्दल सगळं खरं सांगायला हवं, कारण घरी अजून तिचं नाव काढतात. फार जुनी नाही आणि फार नवी नाही, लांब पल्ल्याची आरामगाडी. गंज नावाला नाही. टायर नवे, कागद स्वच्छ, इंजिन एका किल्लीत सुरू. आत पडदे, थंड हवेचं यंत्र, मऊ गाद्या. कांदा या वेळी बंडूभाऊंनीच आत जाऊन सोडला, तो नाकासमोर सरळ गेला. बंडूभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही त्यांनीच ती जन्माला घातली. त्या दिवशी प्रमोदही आला होता. तोसुद्धा खूश झाला. "ताई, मानलं तुले," म्हणाला.

मी आत चढले आणि डोकं आपटलं.

थंड हवेच्या नळ्या छतातून गेल्या होत्या, त्यांच्या खाली पुन्हा सामानाचे कप्पे. मधोमध उभी राहिले तरी मान कलती करावी लागत होती. मी चारदा उभी राहून पाहिलं, जणू पाचव्यांदा छत वर जाणार होतं. टप कापून उंच करता येईल का, विचारलं. बंडूभाऊ म्हणाले, "कापला तं सारं बळ जाते तिचं. आणि ठंडी हवाबी जाते." मग ते माझ्याजवळ आले, आवाज खाली केला आणि अगदी मायेनं म्हणाले, "थोडंसं वाकून चाला ना, ताई. सवय होऊन जाते."

त्या गरीब माणसाला काय माहीत? मी तिथेच, त्या मऊ गाद्यांच्या मधोमध, मान कलती करून उभी होते आणि माझे गुडघे आपोआप वाकले होते. मला कुणी सांगितलं नव्हतं. गुडघ्यांची सवयच होती ती.

"नको," मी म्हटलं.

"काय नको?" प्रमोद म्हणाला.

"ही बस नको."

घरी पोचल्यावर प्रमोद उसळला. आई स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसली होती. अडकित्त्याचा आवाज, कोयींचा ढीग, हळद-मेथीचा वास, आणि त्या सगळ्यावर प्रमोदचा आवाज. "काहून अशी करून राह्यली तू? सगळं चांगलं आहे तिच्यात. सगळं! फक्त उंची—"

"फक्त," मी म्हटलं.

"अवं पण घरात माणूस बसते, झोपते. उभं किती वेळ राहते?"

त्याचं बरोबर होतं. मी अजूनही त्या प्रश्नाचा विचार करते. घरात माणूस उभा असतो तो थोडाच वेळ. भाजी फोडणीला टाकताना, दार उघडताना, खिडकीतून बाहेर बघताना. पण तो थोडा वेळ कुणाचा आहे? मी म्हटलं, "मी उभी राहणार आहे, प्रमोद. स्वतःच्या घरात मी उभी राहणार. नाहीतर तुझी खोली काय वाईट होती?"

"मंग नको घेऊ बस! आमचं हसं कशाले करून राह्यली? साऱ्या कॉलनीत—"

आणि मग मी ते बोलले. इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते. ओरडून नाही, साध्या आवाजात. "मी या घराच्या बैठकीत साडीच्या आत गुडघे वाकवून उभी राहिलेय. किती उन्हाळे, ते आईला विचार. आता पुन्हा कुणासाठी वाकणार नाही. बससाठी तर नाहीच नाही."

अडकित्ता थांबला. प्रमोदनं आईकडे पाहिलं. त्याला हे माहीत नव्हतं. त्या वेळी तो बाहेर पाहुण्यांशी बोलायला बसायचा. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं पुढची कैरी घेतली, अडकित्त्यात धरली, पण दाबली नाही. थोड्या वेळानं ती तशीच टोपलीत ठेवून उठली. त्या साली आमच्या घरच्या लोणच्यात मीठ जास्त झालं होतं.

पुढचे काही दिवस घरात कुणी बसचं नाव काढलं नाही. नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. नवतप्यात आमच्याकडे माणसं आपसूक शांत होतात. भांडायलाही अंगात पाणी लागतं. खिडक्यांना ओल्या चादरी, दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही. बंडूभाऊंचा फोन आला तो असल्याच दुपारी.

"ताई, एक आहे. पन दाखवासारखी नाई."

"का?"

"लई थकेल आहे. सावनेरले उभी आहे, लिंबाखाली. वऱ्हाडाची बस. तिचा मालक शौकीन मानूस होता. वऱ्हाडाले बसमंधी उभ्यानं नाचता आलं पायजे म्हून त्यानं बांधतानीच टप उंच करून घेतला. तशी दुसरी नाई."

मी फोन ठेवला तेव्हा आई मागे उभी होती. तिनं पदराच्या टोकात कांदा बांधला आणि म्हणाली, "मलेबी घेऊन चाल."

प्रमोद लगेच गाडी काढायला उठला. मला त्याच्या मनातलं दिसत होतं. आईच आता हिला समजावेल, असं त्याला वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. मी वाटेत सगळी उत्तरं जुळवून ठेवली. कोळशाच्या ट्रकांमागून गाडी चालली होती, दोन्हीकडे कापूस निघून गेलेली मोकळी काळी रानं उन्हात भेगाळून पडली होती, आई पुढच्या सीटवर डोळे मिटून बसली होती आणि मी मागे मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. एकेक मुद्दा काढून, तिच्या वतीनं बोलून, तिला हरवत होते.

आज इथे बसून लिहिताना मला त्या उत्तरांमधलं एकही आठवत नाही. मधल्या काळात काय काय झालं! या बसचा तळ पूर्ण काढून नवा घातला. आरटीओच्या चकरा मारल्या, इतक्या की तिथला शिपाई मला चहा विचारू लागला. जड वाहनाचं लायसन्स काढलं. शिकवणारा माणूस आधी नाक मुरडत होता, पण पहिल्याच दिवशी माझा पाय क्लचवर आरामात पोचला तेव्हा म्हणाला, "मॅडम, तुमची हाइट कामात आली." उभ्या जन्मात प्रथमच कुणीतरी तसं म्हणालं. मग पचमढीचा घाट झाला, चिखलदऱ्याचा झाला. नातेवाइकांच्या लग्नांना जाते ती माझ्याच घरात बसून जाते, आणि मांडवाबाहेर उभं केलेलं ते घर पाहायला बायका जेवणं सोडून येतात. "भीती नाही वाटत?" असं विचारतात. वाटते ना! पण ताठ उभं राहून भीती वाटणं आणि वाकून भीती वाटणं यांत फार फरक आहे, हे त्यांना कसं समजवायचं? मी त्यांना कूलरपुढे बसवते आणि पन्हं देते.

तर ती सावनेरची दुपार. लिंबाखाली बस उभी होती. गोल पाठीची, मागे शिडी असलेली, लाल रंग उडून गुलाबी झालेली. समोरच्या काचेवर 'शुभविवाह' मधली निम्मी अक्षरं उरली होती. कबुतरांनी आत बिऱ्हाड केलं होतं. चाकांत हवा नव्हती. प्रमोदनं तिच्याकडे पाहिलं, मग कीव आल्यासारखं माझ्याकडे.

मी आत चढले. मधल्या वाटेवर कांदा सोडला. तो गडगडत निघाला, सरळ गेला, बऱ्यापैकी सरळ, आणि मागच्या सीटांपाशी तळाच्या कुजलेल्या फळीतून नाहीसा झाला. खाली मातीत पडल्याचा आवाज आला.

"सांगतलं होतं ना," बंडूभाऊ बाहेरून म्हणाले. "मी म्हनलं होतं, दाखवासारखी नाई."

मी वर पाहिलं. छत उंच होतं. पत्र्याला एके ठिकाणी कुणाची तरी टिकली चिकटलेली होती, लाल, वाटोळी, कोणत्या तरी वऱ्हाडातल्या नाचातली. ती लावणाऱ्या बाईला कुणीतरी एवढं उंच उचलून धरलं असेल. किती लग्नं वाहिली असतील या बसनं, आणि शेवटी इथे लिंबाखाली एकटी उभी राहिली. मला तिची दया आली नाही. दया मला ओळखू येते, ती नव्हे ती.

पायऱ्यांवर आवाज झाला. प्रमोद आईला हाताला धरून वर चढवत होता. ती दमली होती. उरलेल्या एका सीटवर बसली, पदरानं तोंड पुसलं, सगळीकडे नजर फिरवली. कबुतरं, कुजलेला तळ, फाटक्या गाद्या. मी वाट पाहत होते. सगळी उत्तरं तोंडाशी होती.

"कुंदे," ती म्हणाली. "इकडं ये. मधात उभी राह्य."

मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. तोच आवाज, तीच वैशाखातली दुपार, आणि माझ्या गुडघ्यांनी जे करायचं ते केलं. साडीच्या आत. कुणाला दिसणार नाही असं.

तिला दिसलं. त्या निऱ्या तिनंच कधीकाळी सैल केल्या होत्या. ती खाली पाहत राहिली, माझ्या पायांकडे, बराच वेळ. मग म्हणाली, "गुडघे सरळ कर."

मी केले.

"परमोद," तिनं हाक मारली. "पाह्य बरं, हिच्या डोक्यावर किती उरलं?"

प्रमोद एका मोडक्या सीटवर चढला. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यानं वरच्या पत्र्यापर्यंतचं अंतर मोजलं. "चार बोटं," तो म्हणाला.

आईनं मान वर केली. तेवढ्यानं तिला माझा चेहरा नीट दिसत नसावा, कारण ती आणखी मागे रेलली, सीटच्या पाठीला टेकली, आणि एखादं उंच झाड बघावं तशी मला खालपासून वरपर्यंत पाहत राहिली. तिचे डोळे भरले होते. पण आवाज तोच होता, कैऱ्या फोडताना असतो तसा.

"चार बोटं उरली म्हन्ते," ती म्हणाली. "मंग टाचा उचल ना वं."

मी टाचा उचलल्या. डोकं पत्र्याला लागलं. नवतप्याच्या उन्हानं तो पत्रा असा तापला होता की केसांतून चटका बसला. प्रमोद म्हणाला, "ताई, डोकं भाजन." मी टाचा खाली घेतल्या नाहीत.